छोट्या लिस्टेड कंपनीत शेअरहोल्डरांचं काम अंगावर पडलं तर

गोव्यात शेअरबाजारात नोंदलेल्या कंपन्या फार नाहीत. पणजीची गोवा कार्बन, सत्तरीतल्या होंड्याची ऑटोमोबाईल कॉर्पोरेशन ऑफ गोवा, थिवीची जीकेबी ऑप्थॅल्मिक्स, वेर्ण्याच्या डी-लिंक आणि स्मार्टलिंक ही त्यातली माहितीतली नावं. कंपन्या थोड्या, म्हणून हे काम केलेली माणसंही थोडी, आणि शेजारच्या टेबलावर विचारायला कुणी नसतं. बहुतेकदा तुम्ही कंपनी सेक्रेटरी म्हणून रुजू होता, किंवा अकाउंट्समधून उचलले जाता, आणि एमडी सांगतात, "शेअरहोल्डरांचं आता तुम्हीच बघा." एक्सचेंज मुंबईत, शेअरहोल्डरांची नोंदवही सांभाळणारा रजिस्ट्रार मुंबईत नाहीतर हैदराबादेत, कारखाना कुंडईला, आणि शेअरहोल्डर म्हापशापासून मस्कतपर्यंत पसरलेले. हा लेख अशा टेबलावर नव्याने बसलेल्यांसाठी आहे.

या कामातलं नव्वद टक्के शहाणपण बातमी कुणाला आधी कळते यात आहे. आधी एक्सचेंज, मग बाकी सगळे एकदम. पुढचं सगळं त्यावरच उभं आहे.

आधी: कोणते नियम आपल्याला लागू

सेबीचे २०१५चे लिस्टिंग नियम, ज्यांना धंद्यात सगळे एलओडीआर म्हणतात, मेन बोर्डला, म्हणजे मुख्य बाजाराला, लागू आहेत तसे छोट्या कंपन्यांच्या एसएमई प्लॅटफॉर्मलाही. फक्त मापं वेगळी. मेन बोर्डवरच्या कंपनीला तिमाहीचे निकाल तिमाही संपल्यापासून ४५ दिवसांत आणि वर्षाचे ऑडिट झालेले निकाल ६० दिवसांत द्यावे लागतात. एसएमईवर तिमाहीच्या जागी सहामाही.

नियम १५ मध्ये एक सवलत आहे. पेड-अप कॅपिटल (भरणा झालेलं भागभांडवल) १० कोटींच्या आत आणि नेटवर्थ (देणी वजा जाता उरलेली मालमत्ता) २५ कोटींच्या आत असेल, तर कॉर्पोरेट गव्हर्नन्सची बरीच कलमं लागू होत नाहीत. नवखा माणूस हे वाचून निवांत होतो. पण ती सवलत स्वतंत्र संचालक किती, समित्या कोणत्या, असल्या गोष्टींपुरती आहे. महत्त्वाची घटना जाहीर करण्याचा नियम ३० त्यात नाही. कंपनी कितीही छोटी असो, तो सुटत नाही.

मग शेअरहोल्डर ओळखा

आरटीएकडून, म्हणजे रजिस्ट्रारकडून, दर आठवड्याचा बेनपॉस (कुणाकडे किती शेअर आहेत याची यादी) मागवा आणि तो नुसता फोल्डरमध्ये टाकू नका. पहिल्या पन्नास नावांत या आठवड्यात कोण आलं, कोण गेलं, एवढं बघायला दहा मिनिटं लागतात. छोट्या कंपनीला संस्थात्मक गुंतवणूकदार नसतात, ब्रोकरेजचे अॅनालिस्ट रिपोर्ट लिहीत नाहीत. असतात ते पुण्या-अहमदाबादचे दोन-चार जाणते गुंतवणूकदार, एखादा पीएमएस (इतरांचे पैसे गुंतवणारी पोर्टफोलिओ सेवा), खूप सारे दोनशे-पाचशे शेअरवाले, आणि कंपनी जुनी असेल तर कागदी सर्टिफिकेट ट्रंकेत ठेवलेली गोंयकार कुटुंबं. या प्रत्येकाला काय हवंय ते वेगळं. पीएमएसवाल्याला मार्जिन का घसरलं ते हवं असतं. ट्रंकेवाल्या आजोबांना डिव्हिडंड बँकेत का आला नाही ते.

कॅलेंडर भिंतीवर लावा

शेअरहोल्डिंग पॅटर्न तिमाही संपल्यावर २१ दिवसांत. तक्रारींचा आणि गव्हर्नन्सचा तपशील आता मेन बोर्डला एकत्र इंटिग्रेटेड फायलिंगमध्ये ३० दिवसांत. निकालाच्या बोर्ड मीटिंगची सूचना किमान दोन कामकाजाचे दिवस आधी, त्यात सूचनेचा आणि मीटिंगचा दिवस धरायचा नाही. तिमाही संपल्यापासून निकाल जाहीर झाल्यावर ४८ तासांपर्यंत ट्रेडिंग विंडो बंद, म्हणजे आतल्या माणसांना कंपनीचे शेअर घ्यायला-विकायला मनाई. एजीएम, म्हणजे वार्षिक सर्वसाधारण सभा, आर्थिक वर्ष संपल्यावर सहा महिन्यांत, म्हणजे ३० सप्टेंबरच्या आत, पूर्ण २१ दिवसांची नोटीस देऊन. जाहीर झालेला डिव्हिडंड ३० दिवसांत खात्यात.

निकालाला उशीर झाला तर एक्सचेंज दिवसाला ५,००० रुपये आणि वर जीएसटी लावतं. पैशांपेक्षा वाईट हे की दंड कंपनीच्या पानावर सगळ्यांना दिसतो.

ऑगस्ट सांभाळा. जूनच्या तिमाहीचे निकाल १४ ऑगस्टपर्यंत द्यायचे असतात आणि पाठोपाठ, ऑगस्टअखेर किंवा सप्टेंबरात, चवथ (गणेशचतुर्थी) येते. ऑडिटर, डायरेक्टर, फॅक्टरीचा अकाउंटंट, सगळे गावी. बोर्ड मीटिंगची तारीख जुलैतच ठरवून घ्या.

मीटिंग शक्यतो साडेतीननंतर, बाजार बंद झाल्यावर ठेवा. बोर्डाने घेतलेला निर्णय मीटिंग संपल्यापासून ३० मिनिटांत एक्सचेंजवर जायला हवा. बाजार बंद झाल्यावर मीटिंग संपली तर २०२४च्या डिसेंबरपासून तीन तासांपर्यंत सवलत आहे. तरी तयारी अर्ध्या तासाचीच ठेवा, कारण डिजिटल सही नेमकी त्याच दिवशी चालत नाही, हा या व्यवसायातला सार्वत्रिक अनुभव आहे.

आधी एक्सचेंज: हे गोव्यात अवघड का

अजून जाहीर न झालेली, भावावर परिणाम करणारी माहिती म्हणजे कायद्याच्या भाषेत यूपीएसआय. निकाल, डिव्हिडंड, विलीनीकरण, मोठी ऑर्डर, मोठ्या पदावरच्या माणसाचा राजीनामा. अशी माहिती ज्याला कामासाठी द्यावीच लागते, त्याचं नाव, पॅन, कारण आणि वेळ स्ट्रक्चर्ड डिजिटल डेटाबेसमध्ये नोंदवायची. नोंद नंतर बदलता येणार नाही अशी हवी, डेटाबेस कंपनीने स्वतःकडे ठेवायला हवा, आणि तो आठ वर्षं जपायचा. ऑडिटर, बँक, मर्चंट बँकर, वकील, प्रिंटर, सगळे यात आले.

ही कागदावरची बाजू. प्रत्यक्षात गोव्यात माहिती ईमेलने फुटत नाही. ती जत्रेत, लग्नाच्या पंगतीत, पर्वरीच्या सोसायटीतल्या लिफ्टमध्ये फुटते. प्लांट मॅनेजरची बायको आणि डीलरची बहीण एकाच शाळेत शिकवतात. "यंदा बोनस बरा असणार" हे वाक्य कॅन्टीनमध्ये निरागस असतं, पण निकालाच्या आधीच्या आठवड्यात ते यूपीएसआयच्या अगदी जवळ जातं. शिवाय ज्या कंपनीचे दिवसाला चार-पाच हजार शेअर फिरतात, तिथे एका माणसाच्या पाचशे शेअरनेही भाव हलतो. मोठ्या कंपनीत अफवा गर्दीत विरून जाते, छोट्या कंपनीत ती थेट चार्टवर उमटते.

म्हणून वर्षातून दोनदा डेझिग्नेटेड पर्सन्सची, म्हणजे अशी माहिती ज्यांच्या हाती येऊ शकते त्या ठरवलेल्या माणसांची, बैठक घ्या आणि ती कोकणीतून घ्या. सेबीच्या सर्क्युलरची पीपीटी लावू नका. सरळ प्रश्न टाका: फॅक्टरीच्या गेटवर पत्रकाराने विचारलं तर काय सांगाल? मेव्हण्याने विचारलं, "कंपनीचा शेअर घेऊं काय रे?", तर? अपेक्षित उत्तर एकच: "माका त्या विशयार उलोवंक परवानगी ना, एक्सचेंजीचेर पळय." (मला त्यावर बोलायची परवानगी नाही, एक्सचेंजवर बघ.) पहिल्यांदा सगळे हसतात. दुसऱ्या बैठकीपर्यंत ते तोंडात बसतं.

प्रमोटर कुटुंबाला मात्र ही बैठक पुरत नाही. त्यांना वेगळं बसवून सांगावं लागतं की व्हॉट्सअॅपच्या फॅमिली ग्रुपवर निकालाचा आकडा टाकणं म्हणजे माहिती फोडणंच. हे काम नोकरीतल्या माणसाला जड जातं. स्वतंत्र संचालकाकरवी सांगितलेलं बरं.

महत्त्वाचं म्हणजे किती: गणित करून बघा

काही घटना कोणत्याही आकड्याशिवाय जाहीर कराव्याच लागतात: संचालकाचा किंवा ऑडिटरचा राजीनामा, क्रेडिट रेटिंगमधला बदल, कर्जफेड थकणं. बाकीच्यांना कसोटी आहे. उलाढालीच्या २ टक्के, नेटवर्थच्या २ टक्के, आणि मागच्या तीन वर्षांच्या नफा-तोट्याच्या सरासरीच्या ५ टक्के, यातला जो आकडा सगळ्यात लहान तो तुमचा उंबरठा.

समजा कंपनीची उलाढाल १२० कोटी, नेटवर्थ ६० कोटी. तीन वर्षांत नफा ६ कोटी, मग तोटा २ कोटी, मग नफा ४ कोटी. सरासरी काढताना तोट्याचं वजा चिन्ह काढून टाकायचं, म्हणजे ६, २ आणि ४ मिळून १२, भागिले ३, चार कोटी. उलाढालीचे २ टक्के होतात २ कोटी ४० लाख, नेटवर्थचे १ कोटी २० लाख, आणि नफ्याच्या सरासरीचे ५ टक्के फक्त २० लाख. तर उंबरठा २० लाख. कमी मार्जिनच्या धंद्यात हा आकडा नेहमीच असा खाली येतो, आणि एमडींना तो पटत नाही. "वीस लाखांत कसली बातमी?" असं विचारलं जाणारच. हिशेबाचा कागद पुढे ठेवा आणि दरवर्षी निकालानंतर तो नव्याने करा.

आकड्यात न बसणारी घटनाही महत्त्वाची असू शकते. पावसात प्लांटमध्ये पाणी शिरलं, आग लागली, संप झाला आणि काम थांबलं, तर तो नियम ३० मधला विषय आहे. गोवा कार्बन एखाद्या प्लांटची भट्टी देखभालीसाठी बंद झाली किंवा पुन्हा सुरू झाली की एक्सचेंजला कळवते. दोन ओळींची सूचना कशी असते ते बघायला ती फायलिंग्ज वाचा.

आणखी अवघड प्रश्न दुसऱ्याच्या घटनेचा. ७ फेब्रुवारी २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गोव्यातल्या ८८ खाणपट्ट्यांचं नूतनीकरण रद्द केलं आणि मार्चच्या मध्यापासून खाणी थांबल्या. निकाल खाणवाल्यांविरुद्ध होता, पण बार्ज, ट्रकच्या बॉड्या, स्पेअर पार्ट, बँका, सगळ्यांच्या पोटावर आला. असा आदेश येतो तेव्हा "आपण त्यात पक्षकार नाही" एवढं पुरत नाही. आपली किती विक्री त्यावर अवलंबून होती, हा प्रश्न त्याच दिवशी विचारायचा असतो. वेळ मोजायला सोपी: घटना कंपनीच्या आतली असेल तर १२ तास, बाहेरून आलेली असेल तर २४ तास.

वाईट बातमी कशी लिहायची

इथे थोडा वेळ काढा, कारण छोट्या कंपन्यांची लाज इथेच जाते. मोठी ऑर्डर मिळाली की फोटो, प्रेस नोट, एमडींचं वाक्य. ऑर्डर गेली की शांतता, किंवा असं काहीतरी:

"बाजारातील बदलत्या परिस्थितीच्या पार्श्वभूमीवर कंपनी आपल्या ग्राहक-मिश्रणाचा धोरणात्मक फेरविचार करीत असून, दीर्घकालीन मूल्यनिर्मितीस कटिबद्ध आहे."

हे वाचून कुणालाही काही कळत नाही, पण काहीतरी झाकलंय एवढं सगळ्यांना कळतं. त्याऐवजी:

"कंपनीच्या एका ग्राहकाने दिनांक अमुक रोजी पुरवठा करार पुढे न वाढवण्याचं कळवलं आहे. मागील आर्थिक वर्षात या ग्राहकाकडून कंपनीच्या विक्रीपैकी सुमारे १४ टक्के विक्री झाली होती. करार ३१ मार्चपर्यंत चालू राहील. पर्यायी ग्राहकांशी बोलणी चालू आहेत. सध्या कोणताही करार झालेला नाही."

पाच वाक्यं. काय झालं, कधी झालं, केवढं, पुढे काय. शेवटचं "करार झालेला नाही" गाळायचा मोह होतो, ते ठेवाच. फायलिंग इंग्रजीत जाणार, पण मसुदा आधी मराठीत लिहून बघा. "स्ट्रॅटेजिक री-अलाइनमेंट"ला मराठीत लपायला जागा मिळत नाही.

शब्दांची चढउतारही टाळा. चांगल्या तिमाहीत "जबरदस्त वाढ" लिहिलंत, तर वाईट तिमाहीत "जबरदस्त घट" लिहायची तयारी हवी. नसेल तर दोन्हीकडे नुसते आकडे.

कॉल, भेटी, प्लांट व्हिजिट

छोट्या कंपनीने कॉन्फरन्स कॉल घेतलाच पाहिजे असा नियम नाही. प्रश्नच येत नसतील तर घेऊ नका. त्याऐवजी निकालाबरोबर एका पानाचं टिपण एक्सचेंजवर टाका. पण घेतलात, तर गटाच्या मीटिंगची सूचना किमान दोन कामकाजाचे दिवस आधी, कॉलचं रेकॉर्डिंग पुढच्या ट्रेडिंग दिवसाआधी किंवा २४ तासांत यातलं जे आधी ते, आणि लिखित प्रत पाच कामकाजाच्या दिवसांत.

एकट्या गुंतवणूकदाराला भेटायला बंदी नाही. त्याला फक्त तेच सांगायचं जे आधीच जाहीर झालेलं आहे. भेटीत दोघं जण बसा, एकाने टिपण घ्यावं. प्लांट दाखवताना डिस्पॅचचा फळा पुसून ठेवा, ईआरपीची (ऑर्डर आणि साठ्याच्या सॉफ्टवेअरची) स्क्रीन बंद करा, आणि "तिसरी शिफ्ट कधी सुरू करणार?" हा प्रश्न सुपरवायझरला विचारला जाणार हे गृहीत धरा. पाहुणे अनुभवी असतात. ते एमडींपेक्षा स्टोअरकीपरकडून जास्त शिकतात.

पुढच्या वर्षाच्या विक्रीचा आकडा सांगू नये, असं माझं ठाम मत. क्षमता किती, सध्या वापर किती, कोणतं यंत्र कधी येणार, हे सांगा. बेरीज त्यांना करू द्या.

फोन आला की

भाव दहा टक्के पडलेल्या दिवशी फोन वाजतो. "शेअर कित्याक देंवलो?" (शेअर का उतरला?) खरं उत्तर बहुतेकदा हेच असतं की कंपनीला कारण माहीत नाही. तेच सांगा: "काका, कंपनीने जाहीर करण्यासारखी जी माहिती होती ती सगळी एक्सचेंजवर आहे. भावाबद्दल आम्ही बोलत नाही. निकालाची तारीख कळवू तेव्हा वेबसाइटवर बघा." "काळजी करू नका" म्हणू नका. तो सल्ला होतो.

एक्सचेंजने भावाच्या हालचालीवर खुलासा मागितला तर उत्तर द्यावंच लागतं. अफवांचा खुलासा स्वतःहून करण्याची सक्ती सध्या सर्वांत मोठ्या २५० कंपन्यांपुरती आहे, पण विचारलेल्या प्रश्नाला उत्तर देण्यातून कुणी सुटत नाही. उत्तर पाठवण्याआधी एमडी आणि सीएफओ (वित्तप्रमुख), दोघांनाही लेखी विचारा: काही न जाहीर केलेलं आहे का?

तक्रारी, आणि ट्रंकेतले कागद

सेबीच्या स्कोअर्स पोर्टलवर आलेल्या तक्रारीला २१ दिवसांत उत्तर जायला हवं. छोट्या कंपनीत यातल्या बहुतेक तक्रारी जुन्या कागदी शेअरच्या असतात. २०१९च्या एप्रिलपासून कागदी शेअर विकून नावावर करता येत नाहीत, आणि २०२४च्या एप्रिलपासून केवायसी नसलेल्या कागदी फोलिओचा डिव्हिडंड अडकतो. केवायसीला फॉर्म आयएसआर-१, नॉमिनेशनला एसएच-१३. हे दोन्ही छापून, कसे भरायचे त्याचं मराठी टिपण जोडून रिसेप्शनवर ठेवा. सलग सात वर्षं डिव्हिडंड न घेतलेले शेअर आयईपीएफकडे, म्हणजे सरकारच्या गुंतवणूकदार संरक्षण निधीकडे, जातात. ते परत मिळतात, पण वेळ खातात. म्हणून सहाव्या वर्षी पत्र पाठवून थांबू नका, गावच्या पत्त्यावर माणूस शोधा. गोव्यात तो बहुधा सापडतो, नाहीतर त्याचा पुतण्या तरी.

मृत शेअरहोल्डरचे शेअर वारसाच्या नावावर करणं, म्हणजे ट्रान्समिशन, ही खास गोव्याची गाठ. इथला वारसा कायदा पोर्तुगीज नागरी संहितेतून आलेला, आणि आता तो २०१२च्या गोवा उत्तराधिकार कायद्यात आहे. लग्नात वेगळा करार नसेल तर मालमत्ता नवरा-बायकोची सामायिक, म्हणजे नवऱ्याच्या नावावरच्या शेअरमधला अर्धा वाटा बायकोचा आधीपासूनच. वारसा उरलेल्या अर्ध्याचा. वारस ठरवायला इथे स्पेशल नोटरीसमोर वारसाचा दस्त होतो, किंवा कोर्टात इन्व्हेंटरी, म्हणजे मालमत्तेची यादी करून वाटणीची कार्यवाही, होते. हैदराबादच्या आरटीएच्या टेबलावर हा दस्त पोचतो तेव्हा तिथला क्लार्क सक्सेशन सर्टिफिकेट (कोर्टाचा वारसा दाखला) मागतो, कारण त्याच्या यादीत तेच आहे. मग विधवा बाई पणजी आणि हैदराबाद यांच्यामध्ये अडकते आणि शिव्या कंपनीला बसतात.

यावर उपाय एकदाच करायचा. स्थानिक वकिलाकडून गोव्याच्या दस्ताचं दोन पानी स्पष्टीकरण, कायद्याच्या कलमांसह, लिहून घ्या आणि आरटीएच्या प्रमुखाशी बोलून ते त्यांच्या फाइलीत बसवा. अर्ज आयएसआर-५ मध्ये येतो. कागदी शेअरची किंमत कंपनीमागे ५ लाखांच्या आत असेल तर सेबीने कागदपत्रंही सोपी केली आहेत. हे वारसांना तुम्हीच सांगा, आरटीए सांगेलच असं नाही.

जाहिरात आणि वेबसाइट

मेन बोर्डच्या कंपनीला निकालाची जाहिरात एका इंग्रजी राष्ट्रीय दैनिकात आणि एका प्रादेशिक भाषेच्या दैनिकात द्यावी लागते. एसएमईला यातून सूट आहे. आता छोट्या जाहिरातीत क्यूआर कोड दिला तरी चालतो. मराठी मजकूर एजन्सीवर सोडू नका, स्वतः वाचा. वेबसाइटवरचा बदल दोन कामकाजाच्या दिवसांत व्हायला हवा. तक्रारीचा ईमेल चालतो का, ते दर महिन्याला स्वतः एक मेल पाठवून तपासा.

एजीएम

ऑनलाइन एजीएमने मस्कतचा शेअरहोल्डर आत आला आणि माशेलचे आजोबा बाहेर राहिले. नोटिशीत जोडणीसाठी फोन नंबर द्या आणि त्या दिवशी तो उचलायला कोकणी बोलणारा माणूस बसवा. प्रश्न आठवडाभर आधी मागवा, पण आयत्या वेळचेही घ्या. प्रश्न कोकणीत आला तर अध्यक्षांनी कोकणीतच उत्तर द्यावं, मिनिट्स इंग्रजीत होतीलच. उत्तर तिथे देता आलं नाही तर "ऑफलाइन कळवू" असं म्हणून एकट्याला कळवू नका. प्रश्न आणि उत्तर दोन्ही वेबसाइटवर टाका, आणि उत्तरात नवा आकडा असेल तर तो आधी एक्सचेंजवर.